नेच्यांची सुईण

सुनंदाताईच्या घरी गेलं की "ये, बस" असं कोणी म्हणायचं नाही. पहिला हुकूम यायचा, "हात धू." तेही कोपरापर्यंत. मग साबण नीट लागला की नाही हे ती माझी बोटं उलटीसुलटी करून, नखांत डोकावून बघायची. माझी पन्नाशी जवळ आलेली. खालापूरच्या कचेरीत चार माणसं मला मॅडम म्हणून उठून उभी राहतात, आणि इथे भिसेगावात शेजारच्या ओट्यावर मी रोज संध्याकाळी शाळकरी पोरीसारखी नखं दाखवत उभी! चिडचिड व्हायची. चहासाठी जात होते म्हणावं, तर तिचा चहा म्हणजे सर्दीवरचा काढा. तरी जायचेच. ज्या दिवशी तिची बोलणी खाल्ली नाहीत त्या दिवशी जेवण अळणी लागायचं, खरं सांगते.

नावं मी बदलली आहेत. भिसेगावातले ओळखणारे तरीही ओळखतील. त्यांनी कृपा करून तोंड बंद ठेवावं. का, ते पुढे कळेल.

ताई सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात आया होती. सगळी नोकरी तिथेच गेली. "ह्या तालुक्यातली निम्मी पोरं माज्या हातावर पडलीत," असं ती छातीठोकपणे सांगायची, आणि रस्त्यात एखादा मिशीवाला दिसला की माझ्या कानाशी लागून, "ह्यो पायाळू. लय छळलं ह्यानं आईला." लग्न तिनं केलं नाही. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाली, "वॉर्डात रोज बघत होते ना काय होतं ते. मग कशाला हौस?"

घरात ती आणि तिचा धाकटा भाऊ विलास. विलासदादा एसटीत कंडक्टर होते. बायको गेली, मूलबाळ नव्हतं, तेव्हा ट्रंक घेऊन बहिणीकडे आले ते तिथलेच झाले. आवाज असा की स्वयंपाकघरातून मीठ मागितलं तरी शेवटच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जावं. दोघांचं दिवसभर जुंपलेलं असायचं. "ताई, तू मला माणसात धरत नाय." "माणसात यायला आंगोळ करावी लागते रं!" पण ती जेवल्याशिवाय हा माणूस ताटाला हात लावत नसे. सकाळी दोघं मिळून बुद्धवंदना म्हणायची. तिचा आवाज खाली, ह्यांचा कौलांना लागलेला. मला ती ऐकूनच जाग यायची.

आता तिच्या वेडाबद्दल. सुनंदाताई नेचे वाढवायची. नेचा म्हणजे पावसाळ्यात दगडाच्या फटीतून, विहिरीच्या आतल्या अंगाला उगवतो तो. कोवळं पान देवाच्या शंखासारखं गुंडाळलेलं, मग उलगडत जाणारं. फूल नाही, फळ नाही, बी नाही. कोणी फुकट दिला तरी आपण घेणार नाही असली वनस्पती. मी तिला म्हणालेही होते, "ताई, मोगरा लाव, गजरा तरी होईल." तर म्हणाली, "मोगऱ्याला लय मावश्या हायेत. ह्याला कोण हाय?"

नेच्याच्या पानाच्या पाठीला तपकिरी ठिपके येतात. पान पिकलं की त्यातून धूळ झडते. तपकिरीसारखी, फुंकर मारली तर उडून जाईल इतकी बारीक. तीच त्याची पेरणी. पाऊस सरता सरता ताई डोंगरात जायची आणि एका झाडाचं एकच पान खुडून आणायची. मुळाला हात लावायचा नाही, हा तिचा धर्म. "पान मागून घ्यावं, मूळ मागू नये," म्हणायची. ते पान वर्तमानपत्रात घडी घालून ठेवायचं. मातीच्या पसरट थाळ्यांत विटेचा चुरा आणि चाळलेला पालापाचोळा भरायचा, वरून उकळतं पाणी ओतायचं, गार झालं की ती धूळ त्यावर टिचकीनं झाडायची आणि वर काच ठेवायची. मग वाट बघायची. महिने जायचे. कोणी विचारलं, "अजून उगवलं नाय व्हय?" तर उत्तर ठरलेलं, "घाई असंल तर मेथी लाव."

ह्या थाळ्या मागच्या पडवीतल्या एका कोंदट खोलीत असायच्या. तिला ती बाळंतिणीची खोली म्हणायची. बाहेरचा वारा नको, बाहेरचा हात नको. विलासदादांना तर उंबऱ्याच्या आत पाय टाकायची बंदी. त्यांच्या वाट्याला यायची ती बोटभर वाढून अंगणात आलेली रोपं आणि रिकाम्या कुंड्या. कुंड्या घासणं हे त्यांचं खातं होतं. आणि त्या खात्यात एकच शिकवण, रोज पढवलेली: "शेवाळ धरलं की कुंडी गेली म्हणून समज. उकळतं पाणी घाल, काथ्यानं घास, उन्हात टाक." विलासदादा इमानानं घासायचे.

मला मात्र तिनं एकदा आत नेलं होतं, कोपरापर्यंत हात धुवून घेऊन. काच उचलून म्हणाली, "बघ." मला दिसला नुसता हिरवा बुळबुळीत थर, मोरीच्या कडेला धरतो तसा. मी म्हटलं, "अगं बाई, शेवाळ धरलं की गं!" ती तोंडाला पदर लावून हसली. "आधी हा असाच दिसतो. हीच पोरं. ह्यातून पुढं केसासारखं पान निघंल. माझं पण पहिल्या वर्षी असंच झालेलं, सगळं धुऊन टाकलं होतं." मग काच अलगद ठेवून दिली.

रिटायर झाल्यावर ह्या वेडाला गिऱ्हाईकही मिळालं. खालापूरच्या बाजूला डोंगराच्या पायथ्याशी बंगले उठत होते, आणि एका बंगल्याच्या मालकीणबाईंना आवारातल्या काळ्या कातळाचं काय करावं ते कळत नव्हतं. ताईनं दगड रचून, फटीफटीत पालापाचोळा ठासून त्यात हंसराज लावला, मोरशिखा लावली, वरच्या दगडावर बाशिंग बसवलं, सगळे नेचेच. पावसाळ्यात ती जागा अशी दिसायला लागली की तो कातळ आत्ताच कड्यावरून उतरून तिथे येऊन बसला असावा. फाल्गुनात बाईंचा फोन. मी ताईकडेच होते. "अहो, सगळी झाडं मेली तुमची!"

"मेली नाय, निजलीत," ताई ओरडली. "तुमी दुपारच्या निजता, तर तुमाला कोण उपटून टाकतं काय?"

आषाढात निम्मी उठली. निम्मी खरंच मेली होती. ताई भर पावसात तिथे उकिडवी बसली, दगडावरून पाणी कसं जातंय ते बघत राहिली आणि म्हणाली, "चूक माजी हाय बाई. दगड उलट्या उताराला बसवलाय. पानी आत जायचं तर भाईर चाललंय." सगळं उकलून पुन्हा रचलं. तिच्यात हे होतं. भांडायची कडाकडा, पण चूक दिसली की तिथेच पदरात घ्यायची.

त्या बागेची हवा झाली. अशीच बाग हवी म्हणून आजूबाजूचे बंगलेवाले मागे लागले. ताईचं काम मेथीचं नव्हे, नेच्याचं. तिला वर्ष लागायचं. एवढा धीर कोणाला? बागा करून देणारा एक ठेकेदार मधे घुसला. एका सकाळी आम्ही दोघी बाजारातून येत होतो, तर चहाच्या टपरीपाशी एक टेंपो उभा. मागे ओली गोणपाटं. ताई थबकली, नाक वर केलं, आणि साठीची बाई टायरवर पाय देऊन टेंपोत चढली! गोणपाटं उघडली तर आत नेचे. पहारीनं मुळासकट उचकटलेले, फांद्यांची सालं ओरबाडून आणलेली बाशिंगं, हंसराजाचे लगदे. अर्धे काळे पडलेले.

"ओ मावशी, उतरा खाली. माल हाय," ड्रायव्हर म्हणाला.

"माल? अरं मेल्या, डोंगर सोलून आणलास आन् माल म्हणतोस?"

तो पोरगा काही वाईट नव्हता. चहाचा पेला खाली ठेवून सरळ म्हणाला, "मावशी, खालापूरच्या बंगल्यावानी बाग पायजे म्हणतात सगळी शेठलोकं. ती तुमीच केली ना? आमाला काय ठावं होतं ह्याला पण गिऱ्हाईक हाय म्हणून."

ताई टेंपोतून उतरली आणि तडक घराकडे चालू लागली. ओट्यावर पिशवी टेकून म्हणाली, "वैशे, बरोबर बोलला तो. मीच दाखवून दिलं त्यांना." त्यानंतर तिनं बागा केल्या नाहीत. फोन आला की विलासदादांना सांगायची, "मेली म्हण." ते बिचारे सांगायचे, "बाहेरगावी गेलीय."

पण खरं दुःख पुढे होतं. कोंडाण्याच्या लेण्यांकडे ती लहानपणापासून बुद्धपौर्णिमेला जायची. वाटेत बाजूला एक ओहोळ आहे. एका वैशाखात, सगळा डोंगर करपलेला असताना, तिला ओहोळाच्या काळ्या कड्यावर एका पाझरत्या फटीत हिरवं दिसलं. पांढऱ्या पातळानिशी ती चढली. काळ्याभोर दोरीसारखा देठ, त्यावर बारीक पानं, दगडाला गालासारखी चिकटलेली. असा नेचा तिनं कुठेच पाहिला नव्हता. एका कॉलेजातल्या सरांना दाखवला, तेही चांगले गृहस्थ, म्हणाले, बघून सांगतो, पण मलाही नवा आहे. तोपर्यंत ताईनं त्याचं नाव ठेवलंसुद्धा. कड्यावर राहतो म्हणून कडेकर. "कडेकर कसे हायेत, बघून येते," असं म्हणून निघायची, जसं काही सोयरिकीचं माणूस. आसपासचे सगळे ओहोळ पालथे घातले. कडेकर त्या एका कड्यावरच होता.

त्या वर्षी पावसाअखेरी तिनं त्याची पानं आणली आणि पेरली. थंडीत बातमी आली की ओहोळाकडची जमीन विकली गेली आहे, प्लॉट पडणार आहेत, रस्ता येणार आहे. ती धावली. मी रजा टाकून बरोबर गेले. कड्याच्या जागी लाल मातीचा रुंद पट्टा होता, एका अंगाला खडीचा ढीग, आणि ब्रेकर लावलेलं मशीन सावलीत उभं. ताई त्या खडीत हातानं चाळत बसली. मी म्हटलं, "तक्रार करू या." पण माझं मलाच ठाऊक होतं. आंबा तोडला, साग तोडला तर विचारणारं कोणी असतं. नेच्याला झाड म्हणत नाहीत. त्याच्यासाठी कोणता कागद हलणार?

"खोलीत हाय," ताई उठत म्हणाली. "सगळी धूळ पेरलीय मी, शिळी व्हायला नको म्हणून काय बी मागं ठेवली नाय. हिरवं धरलंय. पोरं जगली की लेण्यांच्या वरच्या अंगाला, जिथं मशीन जाणार नाय, तिथं नेऊन लावीन. मग मी मोकळी." एवढं एकच तिला हवं होतं.

आणि नेमकं तिचंच हृदय दमलं. पाय सुजले, दोन पावलं चालली की धाप. एका सकाळी पनवेलला दवाखान्यात हलवावं लागलं. रिक्षात बसतानाही विलासदादांना बजावत होती, "खोलीत जायाचं नाय. मी दोन दिसांत येते." आली नाही. अंगातलं पाणी काढलं, गोळ्या बदलल्या, मुक्काम लांबत गेला. उन्हं तापायला लागली. विलासदादांना वाटलं, बंद खोलीत ताईची झाडं पाण्याविना मरतील. बहिणीला विचारावं तर तिच्या नाकाला नळी. शेवटी हात कोपरापर्यंत धुवून आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस त्या खोलीत शिरला.

ताई घरी आली तेव्हा मी तिचा दंड धरून होते. ओट्यावरून ती सरळ मागच्या पडवीत गेली. पडवीच्या पायरीवर उन्हात सगळ्या थाळ्या ओळीनं पालथ्या घातलेल्या. लख्ख.

"ताई, बरं झालं मी बगितलं," विलासदादा मागून सांगत होते, अगदी खुशीत. "सगळ्यास्नी शेवाळ धरलं होतं गं! एक थाळी सुटली नव्हती. मंग तू म्हणतेस तसं उकळतं पानी घातलं, काथ्यानं घासल्या, उन्हात टाकल्या. परत कसं निर्मळ. आता पेर तू खुशाल."

माझा हात तिच्या दंडावर होता. तो दंड आधी दगडासारखा झाला आणि मग त्यात काहीच उरलं नाही. मी तोंड उघडणार होते. तिनं नुसती मान हलवून मला थांबवलं.

"बरं केलंस रं," ती म्हणाली. "दमला असशील. च्या टाक जा सगळ्यांना."

ते आत गेल्यावर ती पायरीवर बसली. "त्याला कळता कामा नये," एवढंच म्हणाली. "बायको गेली, मी पण चालले. एवढं वझं घेऊन एकटा कुठं राहील तो? शपथ घे." मी घेतली. वाचनाचं आणि विलासदादांचं वाकडं आहे, म्हणून तर हे लिहायला धजले.

तो पावसाळा तिनं खुर्चीत काढला. पाऊस ओसरल्यावर म्हणाली, कोंडाण्याला जायचं. डॉक्टर नको म्हणत होते. पण कुठेतरी एखादा कडेकर राहिला असेल ही आशा तिला खात होती. आम्ही रिक्षा केली. ती पायथ्याशी एका दगडावर बसली आणि विलासदादा वर चढले, साठीचा माणूस, धोतराचा काचा मारून. थोड्या वेळानं खाली येत, एक पान दाखवत. "हा का गं ताई?" "नाय रं. देठ काळा पायजे." पुन्हा वर. "हा?" "ह्यो हंसराज." पुन्हा वर. गवत वाळलं होतं, कुसळांनी त्यांचा सदरा भरला होता. किती वेळा चढले-उतरले, देव जाणे. मला बघवेना. शेवटी तीच म्हणाली, "बस झालं, विलास. नाय राहिला तो."

विलासदादा तिच्यासमोर खाली बसले. हातात तेच हंसराजाचं पान होतं. त्याच्या पाठीला तपकिरी धूळ धरली होती. त्यांनी ते तिच्या मांडीवर ठेवलं आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचा आवाज हळू ऐकला.

"ताई, मला शिकव ना. ह्याच्यावर शिकव. तू बसून सांग, मी करतो. तुज्या मागं मी करीन. कुंड्या घासल्याच ना मी एवढी वर्षं? पेरतो पण. कडेकर कदी सापडला तर त्याचं पण करीन."

ह्या बाईनं अख्खं म्हातारपण कोणीतरी हे विचारावं म्हणून काढलं होतं. मला शिकवायला गेली तर मी जांभया देत होते. आणि आज समोर हात पसरून बसलेला माणूस तिच्या रक्ताचा होता. मी तिच्याकडे बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावर मला आधी ते सुख दिसलं. खरंच दिसलं. मग ते विझलं. तो पेरेल. काच ठेवेल. रोज बघेल. आणि एका सकाळी त्याच्या थाळीत तो हिरवा बुळबुळीत थर धरेल, आणि ती नाही तर दुसरं कोणी त्याला सांगेल की हे शेवाळ नव्हे, हीच पोरं. मग उन्हात पालथ्या घातलेल्या त्या लख्ख थाळ्या त्याला आठवतील.

"तुजा हात जड हाय," ताई म्हणाली. "तुला नाय जमायचं."

"मी शिकीन गं."

"नाय म्हटलं ना! ज्याचं काम त्यानं करावं. तू कुंड्या घास."

विलासदादांनी मान खाली घातली. ते पान तिच्या मांडीवरून उचललं, कुठे ठेवावं कळेना म्हणून गवतावर ठेवलं, आणि रिक्षाकडे चालू लागले. आजही ते मला म्हणतात, "शेवटपर्यंत ताईला माझा भरवसा वाटला नाय, वैशालीताई. बाकी काय बी बोलली असती तर चाललं असतं." मी दुसरीकडे बघते. महिन्याभरात ती गेली.

पण मला ती आठवते ती त्या परतीच्या वाटेवरची. विलासदादा पुढे ड्रायव्हरशेजारी अंग चोरून बसले होते. मागे वळत नव्हते. ताई त्यांच्या बरोबर मागे, रिक्षाच्या दांडीला छाती टेकून, धापा टाकत. त्यांच्या सदऱ्याच्या पाठीत रुतलेली कुसळं ती एक एक करून उपटत होती. इतक्या हलक्या हातानं, की त्यांना कळलंसुद्धा नाही. मी म्हटलं, "ताई, राहू दे, दम लागतोय तुला." तिनं ऐकलं नाही. भिसेगाव आलं तेव्हा थोडी राहिली होती.